सामूहिक वनहक्काच्या जंगलासाठी केंद्र, राज्य आणि ग्रामसभा यांच्या निधींची सांगड कशी घालावी

सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाने मिळून आपले जंगल राखण्याच्या व वापरण्याच्या कायदेशीर हक्काचा, दावा मंजूर होऊन अभिलेख (हक्काचा कागद) हाती पडला, की गावाचा एक मोठा लढा संपतो आणि त्याहून लांब पल्ल्याचे काम सुरू होते. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेने स्वतः द्यावा हे प्रत्यक्षात येण्यासाठी एप्रिल २०११ उजाडावा लागला. त्या महिन्यात तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्याचे पुस्तक गावात येऊन ग्रामसभेकडे सुपूर्द केले. हक्क कागदावर मिळणे आणि तो जमिनीवर वापरता येणे यांत किती अंतर असते, हे या दोन वर्षांतून दिसते. ते अंतर कापायला निधी लागतो, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क कलम ३ मध्ये आणि तशी जबाबदारी कलम ५ मध्ये ग्रामसभेवर सोपवली असली, तरी त्या जबाबदारीसोबत वेगळा निधी जोडून दिलेला नाही.

तरीही गावाचा हात रिकामा नसतो. या कायद्याखालील २००८ च्या, २०१२ साली सुधारलेल्या नियमांतील नियम १६ असे सांगतो, की ज्यांचे हक्क मान्य झाले आहेत त्या व्यक्तींना आणि समुदायांना जमीन सुधारणा, उत्पादकता, मूलभूत सुविधा आणि उपजीविका यांसंबंधीच्या सर्व सरकारी योजनांचा लाभ मिळेल याची खात्री राज्य सरकारने आपल्या विभागांमार्फत करावयाची आहे. विभागाच्या दारात अर्ज घेऊन जाताना या नियमाचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करावा. तो केल्याने अर्जाची भाषा विनंतीची न राहता कायद्याची होते, आणि समोरच्या अधिकाऱ्यालाही टिपणी लिहिण्यासाठी आधार मिळतो.

आधी आराखडा, मग योजना

बहुतेक गावे येथेच चुकतात. कोणत्या योजनेत पैसा आहे हे आधी विचारले जाते आणि त्या योजनेत बसेल असे काम मग शोधले जाते. याचा परिणाम असा होतो की ज्या नाल्याला बांधाची गरज नाही तेथे बांध होतो, मोहाच्या आणि चारोळीच्या जंगलात सागाची रोपे लागतात आणि उन्हाळ्यात दरवर्षी ज्या बाजूने वणवा येतो ती बाजू मात्र तशीच उघडी राहते. योजना आराखड्याला जोडायची असते. आराखडा योजनेप्रमाणे कापायचा नसतो.

आराखडा तयार करण्यासाठी ग्रामसभेने नियम ४ प्रमाणे सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समिती नेमलेली असली पाहिजे. ही समिती दावे दाखल करणाऱ्या वनहक्क समितीहून वेगळी असते, आणि दोन्हींत तीच माणसे असली तरी ठराव, नोंदवही व बँक खाते वेगळे ठेवावे. समितीने जाणत्या बायका-माणसांना सोबत घेऊन जंगलाची शिवारफेरी करावी. सरपण, मोह, तेंदू, हिरडा, बेहडा आणि कंदमुळे कुठून येतात हे ज्यांना रोज चालून माहीत आहे त्यांनीच नकाशा भरावा. त्यात बहुतांशी बाया असतात, आणि त्यांना घरी ठेवून काढलेला नकाशा अर्धाच असतो. फेरीत प्रत्येक वनकक्षाचा (वनविभागाने क्रमांक देऊन पाडलेल्या जंगलाच्या तुकड्याचा) क्रमांक, उतार, पाण्याच्या जागा, उघडी पडलेली जमीन, चराईचा दाब, वणव्याची दिशा आणि अतिक्रमण यांची नोंद घ्यावी.

या नोंदींवरून दहा वर्षांचा मोठा आराखडा आणि त्यातून निघालेला तीन वर्षांचा कामांचा कार्यक्रम तयार करावा. निधीची सांगड घालण्यासाठी खरा उपयोग या तीन वर्षांच्या कार्यक्रमाचा होतो. त्यात प्रत्येक कामाला स्वतःचा क्रमांक, जागा, माप आणि अंदाजे खर्च असावा. ‘जलसंधारणाची कामे’ अशी मोघम नोंद कोणत्याही कार्यालयात पुढे सरकत नाही. ‘कक्ष अमुक, नाला क्रमांक दोन, जाळीचा दगडी बंधारा, लांबी इतकी, उंची इतकी’ अशी नोंद सरकते. नियम ४ नुसार हा आराखडा वनविभागाच्या कार्य आयोजनेशी (जंगलातील कामांच्या दीर्घ मुदतीच्या योजनेशी) जोडला जातो, आणि तो जोडताना समितीला आवश्यक वाटतील ते बदल करण्याची मुभाही त्याच नियमात आहे. म्हणून आराखड्याची प्रत उपवनसंरक्षकांना (वनविभागाच्या विभागीय अधिकाऱ्यांना) पोचपावती घेऊन द्यावी, पण ती मंजुरीसाठी पाठवत आहोत असे पत्रात लिहू नये. मंजुरी ग्रामसभेची असते. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने १२ सप्टेंबर २०२३ रोजी सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांची प्रत फाइलमध्ये असू द्यावी.

ग्रामसभेचा ठराव घेताना २०१२ च्या सुधारित नियमांतील गणपूर्ती सांभाळावी. एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य उपस्थित असावेत आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. ही अट औपचारिक वाटते, परंतु पुढे एखाद्या कामावर तक्रार झाली तर चौकशीत पहिल्यांदा हजेरीच्या सह्याच मोजल्या जातात.

पैसा कोणकोणत्या दारातून येतो

प्रत्येक निधीचा स्वभाव वेगळा असतो, आणि तो स्वभाव ओळखला की कोणते काम कुठे टाकायचे हे पुष्कळसे आपोआप ठरते.

रोजगार हमी हा सर्वांत मोठा आणि सर्वांत भरवशाचा आधार आहे. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा आहे आणि २००५ साली देशाने त्या अनुभवावर आपला कायदा उभा केला. केंद्र आणि राज्य यांचा वाटा, हमीचे दिवस आणि कामांची यादी काळानुसार बदलत आली आहे, त्यामुळे चालू वर्षाचे शासन निर्णय पंचायत समितीतून मिळवून वाचावेत. स्वभाव मात्र तोच राहिला आहे: हा पैसा मुख्यतः मजुरीचा आहे. सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर), खड्डे, दगडी बांध, रोपवाटिकेतील कामे, जुन्या तळ्यांतील गाळ काढणे अशी हाताची कामे येथे टाकावीत. लोखंडी जाळी, सिमेंट, यंत्रे असे सामान जास्त लागणारे काम येथे टाकले तर मजुरी आणि साहित्याचे प्रमाण बिघडते आणि प्रस्ताव परत येतो. काम कोणत्या यंत्रणेमार्फत होणार हेही आधी ठरवावे. ते ग्रामपंचायत, वनविभाग किंवा सामाजिक वनीकरण यांपैकी कोणामार्फत होणार आणि ग्रामसभेला स्वतः कार्यान्वयन यंत्रणा म्हणून मान्यता मिळते का, हे गटविकास अधिकारी व तहसीलदार यांच्याशी लेखी बोलून घ्यावे.

अनुसूचित क्षेत्रातील, म्हणजे राज्यघटनेखाली जाहीर झालेल्या आदिवासी भागातील, गावांसाठी दुसरे दार राज्याचे आहे. आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के थेट पेसा (अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २१ एप्रिल २०१५ रोजी घेतला. या अबंध, म्हणजे एका ठरावीक योजनेला न बांधलेल्या, निधीतून पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसा कायद्याची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण व वनउपजीविका अशा चार बाबींवर खर्च करता येतो. माझ्या मते सांगड घालण्याच्या कामी हा सर्वांत मौल्यवान पैसा आहे, कारण इतर योजनांच्या चौकटीत न बसणारे लहान पण अडवून धरणारे खर्च याच पैशातून भागतात: जीपीएस यंत्र, नकाशांच्या छपाईचा खर्च, रोपांची वाहतूक, वणवा विझवण्याची साधने, हिशेबनिसाचे मानधन. तो रस्त्याच्या काँक्रीटमध्ये संपवू नये. हे दार अनुसूचित क्षेत्राबाहेरील गावांना उघडे नाही, पण म्हणून त्यांनी नाउमेद होऊ नये. अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर तालुक्यातील पायविहीर हे गाव अनुसूचित क्षेत्राबाहेरचे आहे, आणि तरीही तेथील ग्रामसभेने रोजगार हमीतून उघड्या टेकड्यांवर मृद्-जलसंधारण आणि वृक्षलागवड केली, तेथली सीताफळे ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईच्या बाजारात नेली आणि २०१४ मध्ये भारतीय जैवविविधता पुरस्कार मिळवला.

तिसरे दार केंद्राच्या आदिवासी कार्यक्रमांचे. ‘धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियान’ २ ऑक्टोबर २०२४ रोजी झारखंडमधील हजारीबाग येथून सुरू झाले. त्याचा एकूण आराखडा ७९,१५६ कोटी रुपयांचा असून त्यात केंद्राचा वाटा ५६,३३३ कोटी आणि राज्यांचा २२,८२३ कोटी आहे, आणि १७ मंत्रालयांच्या २५ उपक्रमांना एकत्र आणणे हीच त्याची कल्पना आहे. वनहक्कधारक आणि सामूहिक वनसंपत्तीचे व्यवस्थापन हा त्याचा भाग असल्याने आराखडा तयार करणे, सीमांकन आणि प्रशिक्षण यांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात या अभियानाखाली मागणी नोंदवावी. गौण वनोपजाच्या (मोह, हिरडा यांसारख्या लाकडाव्यतिरिक्तच्या वनोपजाच्या) प्रक्रियेसाठी सुमारे ३०० सदस्यांचे वनधन विकास केंद्र हा वेगळा मार्ग आहे. तो जंगलाच्या कामाचा नसून त्यापुढच्या विक्रीचा आहे.

कॅम्पाचा, म्हणजे वनजमीन इतर कामांसाठी वळवल्याबद्दल भरपाई म्हणून जमा होणाऱ्या वनीकरण निधीचा, पैसा ग्रामसभेच्या खात्यात येत नाही, आणि तो येईल अशा आशेवर आराखडा उभा करू नये. २०१६ च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्यानुसार जमा रकमेतील ९० टक्के राज्याकडे आणि १० टक्के राष्ट्रीय निधीत जातात, आणि राज्यातील खर्च वनविभाग आपल्या वार्षिक कार्ययोजनेतून करतो. तेथे ग्रामसभेचे काम वेगळे आहे: वनविभागाची योजना ठरण्यापूर्वी आपल्या आराखड्यातील नेमकी कामे त्यांच्या हाती देणे. जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळ्या केलेल्या पट्ट्या), वणव्यासाठीचे हंगामी पहारेकरी आणि सीमास्तंभ ही कामे तेथे चांगली बसतात. आपल्या हक्काच्या क्षेत्रात कोणतीही लागवड ग्रामसभेच्या ठरावाशिवाय होणार नाही आणि प्रजातींची यादी ग्रामसभा ठरवील, असे त्याच पत्रात स्पष्ट लिहावे. संमती न घेता झालेल्या लागवडीमुळे चराईची जागा अचानक कुंपणात गेली अशी उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत, आणि एकदा कुंपण पडले की बोलणी फार कठीण होतात.

खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाण आणि खनिज कायद्यात २०१५ साली कलम ९ब घातले गेले, तेव्हापासून खाणपट्टेधारकांना स्वामित्वधनाच्या (सरकारला भरायच्या रॉयल्टीच्या) प्रमाणात या प्रतिष्ठानला रक्कम द्यावी लागते. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांसाठी ती ३० टक्के आणि नंतरच्या लिलावाच्या पट्ट्यांसाठी १० टक्के आहे. पिण्याचे पाणी आणि पर्यावरण संरक्षण ही प्राधान्याची क्षेत्रे आहेत, आणि अनुसूचित क्षेत्रातील गावांच्या योजनांना ग्रामसभेची मान्यता लागते. साहित्याचा खर्च जास्त असलेली मोठी जलसंधारणाची कामे येथे मागावीत.

एका कामाला एकच निधी

आता सांगड प्रत्यक्ष कशी घालायची ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका गावाकडे २४० हेक्टर जंगल आहे आणि त्यातील ४० हेक्टरचा उतार उघडा पडलेला आहे. त्या उतारावर पाणी अडवणे, रोपे लावणे, ती वणव्यापासून राखणे आणि पाच-सात वर्षांनी त्यातून उत्पन्न घेणे असा हा एकच प्रकल्प आहे. कागदावर मात्र तो अनेक स्वतंत्र कामांत मोडला पाहिजे. वरच्या उतारावरील सलग समतल चर आणि रोपांचे खड्डे ही रोजगार हमीची कामे झाली. नाल्यावरील सहा जाळीबंधाऱ्यांना ‘जा-१’ ते ‘जा-६’ असे क्रमांक देऊन ते सर्व खनिज प्रतिष्ठानकडे किंवा जलसंधारण विभागाकडे मागितले. रोपवाटिकेची मजुरी रोजगार हमीत आणि रोपांची वाहतूक अबंध निधीत गेली. जाळरेषा वनविभागाने आपल्या वार्षिक योजनेत घेतली. आराखड्याचे नकाशे आणि समितीचे प्रशिक्षण आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडे गेले.

येथे एक नियम कसोशीने पाळायचा आहे: एका मोजमापावर एकच बिल. एकच बंधारा दोन अंदाजपत्रकांत असता कामा नये, मग दोन्ही ठिकाणचा पैसा खरोखर कामावरच खर्च झालेला असला तरीही. लेखापरीक्षणात अशी दुबार नोंद आढळली तर वसुली निघते, आणि ती बहुधा सही करणाऱ्या अध्यक्ष-सचिवांच्या नावावर निघते. दुबार नोंद टाळण्याचे तीन सरळ मार्ग आहेत. जागेने वेगळे करावे, म्हणजे वरचा उतार एका निधीत आणि नाला दुसऱ्या निधीत. टप्प्याने वेगळे करावे, म्हणजे पहिल्या वर्षाची लागवड एका निधीत आणि पुढील दोन वर्षांची निगा दुसऱ्या निधीत, अर्थात पहिल्या अंदाजपत्रकात निगा धरलेली नसेल तरच. किंवा घटकाने वेगळे करावे, म्हणजे मजुरी एकीकडे आणि साहित्य दुसरीकडे. यांतील तिसरा मार्ग सर्वांत निसरडा आहे. तो वापरायचा असेल तर दोन्ही कार्यालयांच्या तांत्रिक मान्यतेच्या कागदांवर दुसऱ्या निधीचा उल्लेख आलाच पाहिजे.

ठरावाची भाषा साधारण अशी ठेवता येईल: “सामूहिक वनहक्क व्यवस्थापन आराखड्यातील काम क्रमांक १४, जाळीबंधारे जा-१ ते जा-६, हे काम जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून व्हावे असे ही ग्रामसभा ठरविते. या कामासाठी अन्य कोणत्याही योजनेतून मागणी केलेली नाही व केली जाणार नाही. काम क्रमांक १२ व १३ रोजगार हमी योजनेतून स्वतंत्रपणे प्रस्तावित असून त्यांची मोजमापे या कामात समाविष्ट नाहीत.” हे शेवटचे वाक्य लिहायला अर्धे मिनिट लागते आणि पुढची अनेक पत्रे लिहिणे टळते.

बांधकामाच्या बाबतीत आणखी एक खबरदारी आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमिनीवर शाळा, अंगणवाडी, लहान पाणीसाठे, रस्ते, समाजमंदिर अशा ठरावीक १३ सुविधा उभारता येतात. प्रत्येकी एक हेक्टरहून कमी जमीन आणि हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटणार नाहीत ही मर्यादा पाळून. वनोपजाचे गोदाम त्या यादीत नाही. म्हणून गोदामाचा प्रस्ताव गावठाणातील जागेवरच करावा, नाहीतर मंजूर झालेला पैसा जागेअभावी परत जातो.

काही योजनांत लोकवर्गणी मागितली जाते. ती श्रमदानातून द्यायची असल्यास श्रमदानाचे दिवस, माणसे आणि मूल्य ठरावात नोंदवावे. रोजगार हमीच्या मजुरीतून वर्गणी कापणे हा मजुरांवर उघड अन्याय आहे आणि ते कोणत्याही परिस्थितीत करू नये.

वेळापत्रक पावसाचे, कागदांचे नव्हे

पाऊस जूनमध्ये येतो आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. या दोन तारखांमध्ये सगळी ओढाताण असते. एका गावात रोजगार हमीतून मे महिन्यात खड्डे खोदून झाले, पण दुसऱ्या कार्यालयातून येणाऱ्या रोपांची मंजुरी सप्टेंबरात हाती आली. तोवर खड्डे गाळाने भरले होते, आणि ज्यांनी उन्हात ते खोदले त्यांना पुन्हा खोदा असे सांगण्याची वेळ आमच्यावर आली. त्यानंतर मी शेवटच्या तारखेपासून मागे मोजायला शिकलो. जूनच्या अखेरीस रोप जमिनीत जायचे असेल तर रोपवाटिका आदल्या हिवाळ्यात सुरू झाली पाहिजे, त्यासाठी रोपवाटिकेचे काम १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांतून रोजगार हमीच्या नियोजनात गेलेले असले पाहिजे, आणि त्यासाठी आराखडा पावसाळ्यातच तयार असला पाहिजे. जिल्हा नियोजन समितीकडे आणि वनविभागाकडे द्यायची मागणी दिवाळीच्या सुमारास पोहोचवावी. जानेवारीत गेलेले पत्र बहुधा पुढच्या वर्षाचे ठरते. ज्या दोन कामांचा एकमेकांवर भार आहे त्यांतील उशिरा मंजूर होणारे काम आधी हलवावे, आणि रोपांची लेखी हमी मिळेपर्यंत खड्डे सुरू करू नयेत.

प्रस्ताव वेगवेगळ्या कार्यालयांत फिरवण्याऐवजी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील अभिसरण समितीपुढे (निरनिराळ्या विभागांच्या योजनांची सांगड घालणाऱ्या समितीपुढे) एकत्र ठेवणे श्रेयस्कर. तेथे नेताना एकाच पानावर कामांचा तक्ता न्यावा: काम क्रमांक, जागा, खर्च, निधी, यंत्रणा, अपेक्षित महिना. बैठकीचे इतिवृत्त आठ दिवसांत मागून घ्यावे, कारण तोंडी मिळालेला होकार अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जातो. एकेकट्या गावाला हे पेलत नसेल तर कोरची तालुक्यातील महाग्रामसभेप्रमाणे अनेक ग्रामसभांनी एकत्र येऊन एक जाणकार हिशेबनीस आणि एक तांत्रिक सहायक सर्वांसाठी ठेवणे परवडते.

हिशेब आणि पुरावे

प्रत्येक निधीची रोकडवही आणि खतावणी वेगळी असावी, आणि शक्य असेल तेथे बँक खातेही वेगळे. एका निधीतून दुसऱ्या निधीत तात्पुरती उसनवारी करण्याचा मोह होतोच, विशेषतः मजुरी रखडलेली असताना. पण ही उसनवारी कागदावर फेडली गेली तरी उपयोगिता प्रमाणपत्राच्या तारखांशी जुळत नाही. केंद्राच्या अनुदानासाठी सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नमुना १२-अ लागतो. राज्याच्या निधीसाठी संबंधित शासन निर्णयातील नमुना पाहावा. हजेरीपट, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, साठा नोंदवही, आणि कामापूर्वीचे, चालू असतानाचे व पूर्ण झाल्यानंतरचे त्याच जागेवरून काढलेले स्थाननोंद असलेले फोटो कामाच्या क्रमांकानुसार लावून ठेवावेत. कामाच्या जागी फलक लावताना त्यावर आराखड्यातील क्रमांक आणि निधीचे नाव दोन्ही लिहावे. सामाजिक अंकेक्षणाच्या (गावानेच कामांचा व हिशेबांचा तपास करण्याच्या) वेळी गावकऱ्यांनी फलक वाचून वहीशी पडताळणी करावी, हा त्यामागचा हेतू आहे.

तिसऱ्या वर्षी बहुतेक निधी संपतात आणि रोपांची खरी परीक्षा तेव्हाच सुरू होते, कारण गुरे, वणवा आणि उन्हाळा यांना मंजुरीची मुदत माहीत नसते. म्हणून पहिल्याच वर्षी ठराव करून तेंदू आणि बांबूच्या विक्रीतील ठरावीक हिस्सा रखवालीसाठी ग्रामसभेच्या कोषात बाजूला काढावा. दरवर्षी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी समितीने प्रत्येक कक्षात जाऊन जगलेली रोपे मोजावीत, आणि तो आकडा सभेत वाचून दाखवल्यानंतरच नव्या लागवडीची मागणी लिहायला घ्यावी.